आवाजाला पाठ टेकून

४ जानेवारी

धाकट्या,

शाळेत गुरुजींनी पत्राचे मायने पाठ करून घेतले होते. वडिलांना कोणता, गुरूंना कोणता, धाकट्या भावाला कोणता. सगळे अजून आठवतात. पण वीसेक वर्षं ज्याच्याशी धड बोललो नाही अशा धाकट्या भावाला कोणता मायना, ते त्या पुस्तकात नव्हतं. म्हणून नुसतं 'धाकट्या' लिहिलं. कागदावर तेवढंही बरं दिसतंय.

तू वहिनीला म्हणालास म्हणे, की दादा फोनवर येत नाही म्हणजे अजून मनात धरून बसलाय. तसं नाही. फोन मला हल्ली सोसत नाही, एवढंच समज. कागदावर मी बरा असतो.

कामाचं लिहितो. छापखान्यातून घरी येताना पुलाच्या अलीकडे जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. शिवणयंत्रं, टेबलपंखे, तीन पायांच्या खुर्च्या. सगळे पेन्शनीत निघालेले. परवा त्या दुकानाच्या दाराशी एक अ‍ॅम्प दिसला, वाद्याचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा. साध्या गिटारचा नव्हे, जाड तारांच्या बेस गिटारचा. काळा, माझ्या कमरेएवढा, समोरच्या जाळीला एका कोपऱ्यात पोचा. मी थांबलो, मग पुढे गेलो, मग कोपऱ्यावरून काहीतरी विसरल्यासारखा परत आलो.

आपल्या गाण्याच्या ग्रुपचा नियम तुला आठवत असेल. बेसवाल्याने, म्हणजे मी, काही घ्यायचं तर आधी ड्रमवाल्याला, म्हणजे तुला, विचारायचं. कारण बेस वाजवणाऱ्याला स्वतःचा बेस कधीच नीट कळत नाही, तो मागे बसलेल्याला कळतो. नियम तूच काढला होतास आणि इतका कडक पाळायला लावलास, की मी साधी चप्पल घेतली तरी आपला गिटारवाला लांब्या विचारायचा, "ठोक्याची परवानगी काढलीस का?"

तर परवानगी मागतोय. घ्यावा का?

भाव आवाक्यातला आहे, प्रश्न तो नाही. माझी बेस गिटार अजून कपाटावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. वर्षातून एकदा खाली काढतो, पुसतो, परत वर ठेवतो. वहिनी म्हणते, "एवढी सेवा देवाची केली असती तर तो प्रसन्न तरी झाला असता." देवाचीही करतोच की. पण या वयात, या खोल्यांत, तो एवढा मोठा डबा आणून मी करणार काय, हे मलाच नीट सांगता येत नाही. म्हणून तिला अजून बोललो नाही.

चिमणी म्हणाली, "बाबा, पानांचा फोटो काढून काकाला पाठवते, मिनिटात पोचेल." मी म्हटलं, टपालाने जाऊ दे. माझी मुलगी आता नोकरी करते, पण नाक खुपसायची सवय गेलेली नाही. फोटो काढता काढता वाचून काढेल.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

मी


११ जानेवारी

धाकट्या,

पहिलं पत्र तुला अजून मिळालंही नसेल, तरी दुसरं लिहितोय. एकदा बूच निघालं की असं होतं.

दुकानात जाऊन आलो. दुकानदार जाड भिंगांचा चष्मा घालतो आणि गिऱ्हाइकाकडे न बघता बोलतो.

"घ्यायचाय, की नुसता बघायचाय?"

"बघतो."

"बघायला पैसे पडत नाहीत. पण तुम्ही रोज संध्याकाळी बघून जाता. दृष्ट लागायची त्याला."

मग त्याने आतून कुणाची तरी जुनी बेस आणून जोडून दिली. इतक्या वर्षांनी जाड तारेवर बोट ठेवलं. बोटाला आधी समजलं, मग मला. सर्वांत जाड तार छेडली तशी दुकानातल्या कपाटांच्या काचा हलल्या आणि माझ्या पोटात काहीतरी जागेवर येऊन बसलं. दुकानदाराने मात्र तोंड वाकडं केलं.

"ही जाळी खडखडते तेवढी. मी आधीच सांगतो, नंतर भांडायला यायचं नाही."

"कुठे खडखडते?"

त्याने पहिल्यांदाच चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला चालत असेल तर माझं काय जातंय."

रस्त्यावर गाड्यांचा गोंधळ होता. त्यात जाळीची खडखड कोणाला कळणार? एक मुलगीही अ‍ॅम्प दोनदा बघून गेलीय, तिच्या ग्रुपसाठी. दुकानदार माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबेल, पुढे नाही.

घरी येताना डोक्यात आपले दिवस फिरत होते. गिरणीच्या सभागृहातला पहिला कार्यक्रम आठवतो? फरशी एवढी गुळगुळीत, की प्रत्येक ठोक्याला तुझं स्टूल बोटभर मागे जात होतं. शेवटच्या गाण्यापर्यंत तू ड्रमपासून हातभर लांब, हात ताणून वाजवतोयस, आणि आपले गायक मास्तर हसू आवरताना अंतरा विसरले. सगळे हसले, एकटे बाबा हसले नाहीत. आपलं वाजवणं म्हणजे त्यांच्या मते 'डबे बडवणं'. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी रंधा काढला.

"सुताराचा पोरगा लोकांसमोर घसरतो म्हणजे काय? लोक तुला नाही, मला हसले."

आणि तो फळ्यांचा लहान मंच करून दिला. ड्रम, तुझं स्टूल आणि मागे माझा अ‍ॅम्प, सगळं एकाच मंचावर. एकही खिळा नाही, खाचेत खाच बसवलेली. वर तेलाचे चार हात. म्हणाले, "आता या घरचे दोघे एकाच लाकडावर राहतील. भांडायचं तर खाली उतरून भांडा."

तो मंच अजून आहे. त्याच्यावर आमचं कपडे धुण्याचं यंत्र ठेवलंय. पिळायला लागलं, की सबंध मंच ताल धरतो. चिमणी त्याला 'काकाची आठवण' म्हणते.

छापखान्यात जरा कटकट झाली. मशीनमध्ये दोन कागद एकदम गेले की ते एक बारीक टिकटिक करतं. ती टिकटिक मी झोपेतही ओळखायचो. गेल्या महिन्यात ती चालू असताना मी शेजारी उभा होतो, आणि एक गठ्ठा वाया गेला. फोरमन म्हणाला, "कुठे हरवला होतात?" म्हटलं, विचारात होतो.

तसा हल्ली विचारात असतोच मी.

मी


१९ जानेवारी

धाकट्या,

हे पत्र चिमणी फोटो काढून पाठवणार आहे. आता तिच्यापासून लपवण्यासारखं काही उरलं नाही. तुझ्यापासूनही नको.

रविवारच्या प्रार्थनेला आम्ही तिघं जातो. शेवटचं कडवं हळू होत होत विरतं आणि मग सगळे थोडा वेळ गप्प बसतात. मी डोळे मिटून म्हणत होतो. म्हणता म्हणता वाटलं, आज किती शांत आहे. आजवर एवढी शांतता कधी मिळाली नव्हती. देव अगदी खांद्याशी येऊन उभा असावा असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी आणखी मन लावून म्हणू लागलो.

चिमणीने दंडाला हात लावला. डोळे उघडले तर सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. त्यांचं कडवं केव्हाच संपलं होतं. मी एकटाच, भर शांततेत, मोकळ्या गळ्याने गात होतो.

घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही. बोललं असेल तर मला कळलं नाही. घरी वहिनीने मला दिव्याखाली खुर्चीत बसवलं आणि समोर बसून विचारलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दूध उतू जातं तेव्हा तुम्ही शेजारी पेपर वाचत असता. बेल वाजते, तुम्ही दारासमोर. कधीपासून म्हणते मी."

मी सांगितलं. वर्ष झालं असेल, जास्तच.

ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मला उत्तर द्यायचं सोडून दिलं. संसार जुना झाला की नवरे सोडतात तसं. मी वर्षभर अबोला समजून तोंड मिटून बसले, आणि तुम्ही नुसते बहिरे निघालात." मग हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मला त्यातलं हसणं ऐकू आलं नाही, रडणंही नाही. दोन्ही दिसलं.

दुसऱ्या दिवशी कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. चिमणीहून थोडीच मोठी असेल. तिने कानांवर यंत्र लावून वेगवेगळे सूर ऐकवले आणि म्हणाली, ऐकू आला की बोट वर करा. खालच्या सुरांना माझं बोट बरोबर वर जात होतं. नंतर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. मला वाटलं, थांबलीय. ती वाजवतच होती. आतली नस झिजलीय म्हणाली. मशीनशेजारची इतकी वर्षं. जे गेलं ते परत येत नाही. कानात घालायचं यंत्र देणार आहे, त्याने बोलणं समजायला मदत होईल, पण उरलेलं जपायला हवं. मोठ्या आवाजापासून लांब.

मी विचारलं, "बेससुद्धा?"

"मोठा आवाज म्हणजे मोठा आवाज, काका."

असं आहे बघ. देवाने वरचं काढून घेतलं आणि खर्ज ठेवला. तक्रार नाही, हिशेब त्याचा. माणसाच्या बोलण्यातला गाभा येतो, कडा येत नाहीत. जिन्यावरून कोण येतंय ते माझ्या कानांआधी तळपायांना कळतं, आपल्या माडीच्या त्या लाकडी फळ्यांतून. वहिनीचं पाऊल, चिमणीचं पाऊल, टपालवाल्याचं पाऊल. खालून जे येतं ते अजून येतं. म्हणून त्या दुकानात माझे पाय अडकले. त्या डब्यातून जे निघतं, ते या जगात मला अजून पूर्ण ऐकू येतं.

आणि फोनचं असं. तुझा फोन आला की वहिनी माझ्यापुढे धरायची आणि मी मान हलवायचो. मला भीती वाटायची. इतक्या वर्षांनी तू काहीतरी मनातलं बोलशील, आणि ते न समजता मी 'हो, हो' म्हणत बसेन. त्यापेक्षा मी रागात आहे असं तुला वाटलेलं परवडलं.

आता सांग. घ्यावा का?

मी


२७ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर चिमणीने मोठ्या अक्षरांत करून दाखवलं. 'दादा, अ‍ॅम्प घेऊ नकोस. उरलेले कान वहिनीसाठी आणि चिमणीसाठी ठेव. तुझी पत्रं मिळाली. मी रोज वाचतो.'

वाचून आधी बरं वाटलं. मग जेवायला बसलो आणि राग आला. ज्याच्याशी बोलतच नव्हतो त्याच्यावर रागावताही येत नव्हतं, तेवढी सोय आता झाली म्हणायची.

दादाने काय ऐकायचं आणि काय नाही, हे तू दुसऱ्यांदा ठरवतोयस.

पहिल्यांदा ठरवलंस त्या दुपारबद्दल आपण कधी बोललो नाही. आज मी लिहितो. गिरणीचं तेच सभागृह, कामगारांचा वार्षिक कार्यक्रम. मध्यंतरात मी स्टेजवर तारा जुळवत होतो आणि तू पाणी प्यायला बाहेर गेलास. तिथे आपल्या खालच्या मजल्यावरचे टेलरकाका सायकल टाकून धापा टाकत उभे होते. बाबा जेवून उठले, रंधा घेऊन फळीवर वाकले, आणि मग खाली बसले ते उठलेच नाहीत. टेलरकाका आत येऊन मला सांगणार होते. तू म्हणालास, "दादाला मी सांगतो."

आणि तू आत आलास, स्टुलावर बसलास, आणि काठ्या वाजवून, पाय मारून पुढचं गाणं सुरू केलंस.

तो दुसरा भाग मी माझ्या आयुष्यात सर्वांत चांगला वाजवला. मास्तर खुलले होते, लोक उठून उभे राहत होते. मी हसत होतो, धाकट्या. वळून तुझ्याकडे बघून हसत होतो. बाबा घरात जमिनीवर, आणि मी स्टेजवर हसतोय. शेवटी मी वायर गुंडाळत होतो तेव्हा तू जवळ येऊन सांगितलंस, आणि कधी कळलं तेही सांगितलंस. लपवू शकला असतास, लपवलं नाहीस.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, तुझ्या छातीतही चामडंच ताणलेलं आहे. घरचं सगळं आटोपलं आणि तू ती लांबची नोकरी धरलीस.

लोक मला म्हणायचे, बाबांचंच वाक्य होतं ना, सुरू केलेलं काम अर्ध्यावर टाकून उठायचं नाही. पोराने तेच केलं. मी म्हणायचो, ते ठीक. पण त्या सबंध भागात मोठ्या ड्रमवर त्याचा पाय एकदाही चुकला नाही. एकदाही मागेपुढे झाला नाही. बापाची बातमी पोटात घेऊन माणसाचा पाय इतका सरळ कसा पडतो? वीस वर्षं मला तेच टोचत राहिलं. तू सांगितलं नाहीस, यापेक्षा तुझा ताल गेला नाही, हे.

म्हणून मला 'घेऊ नकोस' म्हणताना जरा विचार कर. मी परवानगी मागितली होती, औषध नव्हतं मागितलं.

हे पत्रही चिमणीच पाठवतेय. वाचून ती माझ्याशी नीट बोलत नाही. किंवा बोलतेय, मला समजत नाही.

मी


२ फेब्रुवारी

धाकट्या,

महिना संपला आणि दुकानदाराचा निरोप आला, की ती मुलगी आलीय, तुम्ही येताय का. वहिनी म्हणाली, "चला, मी येते. वीस वर्षं त्या कपाटावरची धूळ मी खाल्लीय, मला हक्क आहे." तिला अ‍ॅम्पचं तुझ्या उत्तरातूनच कळलं. चिमणीने ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं होतं. माझी गुपितं हल्ली मी सोडून सगळ्यांना ऐकू येतात.

मुलगी विशीतली, पाठीवर स्वतःची बेस. मला वाटलं, आता ओढाओढी होणार. पण तिने नमस्कार केला आणि म्हणाली, हे वहिनीने मला परत सांगितलं, "काका, तुमचा पहिला नंबर. मला फक्त एकदा वाजवून बघू द्या."

मी म्हटलं, वाजव. आणि बसायला जागा बघितली. दुकानात धड खुर्ची एकही नाही, तुला सांगितलंच आहे. एक बुटकं स्टूल होतं, तेही अ‍ॅम्पला चिकटून. बसलो. पाय अवघडले म्हणून मागे सरकलो, आणि माझी पाठ त्या जाळीला टेकली.

तिने वाजवायला सुरुवात केली.

इतकी वर्षं बेस वाजवली, पण अशी मी कधी अंगावर घेतली नव्हती. मी नेहमी अ‍ॅम्पच्या पुढे उभा. आज आवाज कानांतून आलाच नाही. मणक्यातून आला. एकेक सूर पाठीवर मोठा तळहात ठेवावा तसा. बाबा आजारी पोराच्या पाठीवर ठेवायचे तसा. हलत नव्हता, सोडतही नव्हता.

आणि तिथे त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला ते आठवलं.

तू कधी टेकून वाजवायचा नाहीस. बाबांचा धाक, पाठ ताठ. त्या दुपारी मध्यंतरानंतर आत आलास, स्टूल मागे ओढलंस आणि माझ्या अ‍ॅम्पला पाठ लावून बसलास. लांब्या मला डोळा मारून म्हणाला होता, "ठोक्या आज आरामखुर्चीत." मी तुझ्याकडे वळून हसलो ते त्याच्या या बोलण्यालाच. तू सबंध भाग तसाच वाजवलास. इतकी वर्षं मी तुझ्या पायाकडेच बघत राहिलो. पाठीकडे बघितलंच नाही.

तुझा ताल का गेला नाही ते मला आज समजलं. तू धरून बसला होतास. जे सांगायचं ते सांगवत नव्हतं, आणि ज्याला सांगायचं त्याच्याच आवाजाला तू पाठ लावलीस. मी जितकं चांगलं वाजवत गेलो तितका तू तग धरत गेलास. ते आपलं शेवटचं सोबत वाजवणं होतं, आणि मी त्याला कठोरपणा म्हणत राहिलो.

मी स्वतःही वर्षभर घरात एक गोष्ट पोटात घेऊन बसलो होतो. न सांगणारा माणूस आत बसून काय करत असतो ते मला आता माहीत आहे. सांगायचे शब्द तर रोज जुळवतो. फक्त समोरच्याची आजची संध्याकाळ मोडवत नाही.

वहिनीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलगीही थांबली होती. माझा चेहरा बघून तिला वाटलं, आवाज जास्त झाला. ती बटण फिरवून कमी करत गेली, वाजवत गेली, आणखी कमी केलं. शेवटी गल्ल्यामागून दुकानदार ओरडला, हे मात्र मी त्याच्या तोंडावरून ओळखलं:

"बंद पडला का?"

मी म्हणालो, "नाही. चालू आहे."

खरंच चालू होता. त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हता, आणि माझ्या पाठीत एकेक सूर स्वच्छ. डॉक्टरीणबाईंना सांगेन, मोठा आवाज नाही. तुलाही सांगतोय.

मुलीने बेस खाली ठेवली आणि हसून काहीतरी म्हणाली. वहिनीने पुन्हा समोर येऊन सांगितलं: "ती म्हणते, काकांनीच घ्यावा. हा उचलायला चौघं लागतील, आणि त्यांच्या ग्रुपात तिघंच आहेत."

तुझा दादा


१० फेब्रुवारी

धाकट्या,

घेतला.

टेम्पोवाल्याने जिन्याच्या पायथ्याशी टाकला आणि पळाला. वर चढवताना शेजारचे दोघे, चिमणी आणि मी. टेलरकाकांचा मुलगा आता टेलर आहे, त्याने प्रत्येक पायरीला विचारलं, "आत काय, माणूस आहे का?" धुण्याचं यंत्र मोरीत ढकललं आणि बाबांचा मंच पुढच्या खोलीत आणून पुसला. लाकूड पाण्याला बधलेलं नाही. खाचा अजून घट्ट. त्यावर अ‍ॅम्प ठेवला आणि त्याच्यापुढे एक स्टूल.

जाळीची खडखड चिमणीने शोधून काढली, पोचा आलेल्या कोपऱ्यात चामड्याचा तुकडा सरकवला. म्हणते, "गेली आता." मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवलाय. कानात घालायचं यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. मग पहिल्यांदा जाळीच ऐकणार आहे.

रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की थोडा वेळ वाजवतो. अगदी हळू, स्टुलावर बसून, पाठ टेकून. बोटं आखडलीत, जुनी गाणी अर्ध्यात विसरतो. प्रार्थनेतलं ते विरत जाणारं कडवंही वाजवून बघितलं. आता ते कुठे संपतं ते समजतं. काल वहिनी भाजी निवडता निवडता माझ्या जागेवर येऊन बसली, मी उभा राहून वाजवलं. तिने डोळे मिटले. म्हटलं, कसं वाटतं? माझ्याकडे वळून, ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाली, "तुम्ही बोलता त्यापेक्षा बरं बोलता याच्यातून."

तुझा परवाचा निरोप वाचला. चिमणीला सांगितलं, हा निरोप माझ्याकडेही राहू दे. 'दादा, मला वाटलं होतं तुला त्या दिवशीच समजेल.' नाही समजलं रे. माझी तुझ्याकडे पाठ होती आणि तुझी माझ्या आवाजाकडे. दोघांनी एकमेकांचं तोंडच बघितलं नाही.

आता नियमाचं. ड्रमवाल्याने मागे बसून पसंत केल्याशिवाय बेसवाल्याची खरेदी पक्की धरायची नाही. दुकानदाराला मी तसं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "कुठे असतो तुमचा ड्रमवाला?" म्हटलं, लांब. तो म्हणाला, "मग या खरेदीला वर्ष लागेल." म्हटलं, तुम्ही त्याला ओळखत नाही, तो घरात चप्पल आली तरी बघायला यायचा.

तेव्हा ये. वहिनीने मोरीचा रस्ता मोकळा ठेवलाय, मंचाचा अर्धा भागही. तुझं सामान कुठे आहे मला माहीत नाही, पण तुला वाजवायला पायाखाली फळी पुरते.

आलास की बेल वाजवू नकोस, ती माझ्यासाठी नाही. हाकही मारू नकोस. जिना चढून दाराबाहेरच्या फळ्यांवर उभा राहा आणि गाणं सुरू करताना मारायचास तसा पाय मार. मी आत कुठेही असलो तरी पोचेल.

गुरुजींचा मायना पत्राच्या सुरुवातीला लिहायचा असतो. मला तो शेवटी सापडला, तिथेच लिहितो.

चिरंजीव धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझा दादा